गांडुळांचा पाहुणचार

आमच्या वहिनींच्या हातात वाढायचा डाव आला की समोरच्याची धडगत नसते. 'पुरे' म्हटलेलं त्यांना ऐकूच येत नाही. माझ्या दादाचं पोट पुढे आलं ते याच मायेपायी, असं मी त्यांना तोंडावर सांगितलंय. मग दादा गेला, मुलं नोकऱ्यांसाठी लांब गेली आणि ते भलंमोठं जेवणाचं टेबल वहिनींना खायला उठलं. मी वरच्या मजल्यावर राहते खरी, पण मला मधुमेह, म्हणजे त्यांच्या लेखी मी कामातून गेलेली.

तेवढ्यात जवळच्या कॉलेजनं परदेशी विद्यार्थ्यांसाठी घरं शोधायला घेतली. पृथ्वीला न ओरबाडता जगायचं कसं, हे शिकायला येतात ही पोरं. वहिनींनी लगेच नाव दिलं. अट एकच, विद्यार्थ्याची तक्रार आली की घर बाद. समोरच्या शिवणवाल्या बाईंचं घर असंच बाद झालं, तेव्हापासून वहिनींनी धसकाच घेतला होता. टेबल पुन्हा ओस पडेल या विचारानं त्यांना घास जायचा नाही.

या वर्षी आली ती पोरगी उंच आणि इतकी बारीक, की आम्ही तिला काडीच म्हणायला लागलो. काडी अर्ध्या बादलीत अंघोळ करायची आणि दिसेल तो दिवा बंद करायची. एकदा मी न्हाणीघरात असताना तिथलाही केला. मी आतून जे काही बोलले ते तिला मराठीच्या पुस्तकात सापडलं नसणार. तेही चाललं असतं, पण ही बया एकदाच वाढून घ्यायची आणि ताटावर हात आडवा धरायची. लागेल तेवढंच घ्यावं, अन्न वाया घालवू नये, म्हणे. वहिनी हिरमुसून मला विचारायच्या, की ही पोरगी जेवते का नुसती चव बघते.

परीक्षेसाठी तिनं गॅलरीत एक लाकडी पेटी ठेवली होती. आत माती, ओला कागद आणि गांडुळं. स्वयंपाकघरातल्या सालींचं ती खत करणार आणि सत्र संपताना सर घरी येऊन ते तपासणार. त्याआधी काडीला वर्गातल्या सगळ्यांबरोबर काही दिवस बाहेरगावी जायचं होतं. जाताना तिनं वहिनींना बजावलं, की रोज मूठभर सालं घाला, शिजवलेलं काही नको. वहिनींनी जोरजोरात मान डोलावली. त्या मान डोलावतात तेव्हा ऐकत नसतात, हे मला त्यांच्या लग्नापासून ठाऊक आहे, पण काडीला कुठून कळणार?

एक दिवस मूठभर सालं पडली. मग वहिनींचा जीव राहीना. नुसत्या सालींवर बिचारी गांडुळं किती दिवस काढणार? त्यांनी भात घातला. मग दूध-पाव, वर चिमूटभर साखर. मी ओरडले, तर म्हणाल्या, "वन्सं, या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी 'पुरे' म्हणत नाहीये." कपाळ माझं!

काडी परतायच्या दिवशी सकाळी मी खाली आले, तर गॅलरीभर गांडुळं. भिंतीवर, कुंडीमागे, एक तर माझ्या चपलेत. पेटी आतून तापली होती आणि आंबूस वास मारत होती. जी जगली ती जीव घेऊन पळाली होती, बाकीची आतच गेली. मी नाक दाबून चमच्यानं गांडुळं उचलत होते आणि वहिनी रडत होत्या. उन्हानं झालं म्हणून सांगा, असं मी सुचवलं, पण खोटं बोलायचं म्हटलं की वहिनींना उचकी लागते.

दुपारी काडी आली ती सरांना घेऊनच. सरांनी झाकण उचललं, चटकन मागे सरकले आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं. वहिनींना उचकी लागली. काडीनं पेटीतली भाताची शितं पाहिली, मग वहिनींकडे पाहिलं. आता घर गेलं, असं माझ्या मनात आलं.

"चूक माझी आहे," काडी म्हणाली. "मी गांडुळांचा अभ्यास केला, घरातल्या माणसांचा केला नाही."

सरांनी तिला नापास केलं. सुट्टीत इथेच राहून पेटी पुन्हा पहिल्यापासून लावायची. सुट्टीत आईकडे जायचं म्हणून काडीनं बॅगसुद्धा काढून ठेवली होती. तिचे डोळे भरले. वहिनींचेही भरले, पण मी त्यांना ओळखून आहे. एक डोळा पोरीसाठी रडत होता आणि दुसरा, सुट्टीभर पोरगी इथेच, म्हणून हसत होता. त्याचीच त्यांना लाज वाटत होती.

संध्याकाळी जेवायला बसलो. वहिनींनी काडीच्या ताटात भीतभीत एकच डाव भात वाढला आणि भांड्यावर झाकण ठेवलं. इतक्या वर्षांत मी हे कधी पाहिलं नव्हतं, मला भरूनच आलं. काडीनं भात संपवला आणि ताट पुढे सरकवलं.

"अजून वाढा."

वहिनी डाव हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या.

"वाढा की वहिनी," मी म्हटलं, "ही काही पेटीतून पळून जायची नाही."