वजनकाट्यापलीकडचा साडू

आकडेमास्तरांनी आयुष्यात एकाच माणसाचा हेवा केला, पण तो अगदी मन लावून केला. तो माणूस म्हणजे त्यांचा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा.

दोघांचं खातं एक, हुद्दाही एक. आपल्या जिल्ह्याने वर्षभरात काय पिकवलं, काय बनवलं, काय खणून काढलं याची बेरीज करायची आणि राजधानीला पाठवायची. भरतीच्या परीक्षेत मास्तर साडूपेक्षा अकरा गुणांनी वर होते, म्हणून जिल्हा निवडायचा पहिला मान त्यांना मिळाला. त्यांनी नदीकाठचा हिरवा जिल्हा घेतला. शेजारचा दगडधोंड्यांचा जिल्हा साडूच्या गळ्यात पडला, तेव्हा मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला धीरही दिला होता. चार वर्षांनी त्या दगडांखाली तांबं निघालं.

तेव्हापासून राजधानीच्या वार्षिक अहवालात साडूचा जिल्हा पहिला आणि मास्तरांचा चौदावा. जिल्हे एकूण चौदाच. तांबं काय साडूने पेरलं होतं? आयत्या बिळावर नागोबा! पण अहवालाच्या पहिल्या पानावर आभार त्याचे. त्याच्या कार्यालयाला गारवा देणारं यंत्र, फिरती खुर्ची, काचेचं दार. मास्तरांच्या खोलीतली खिडकी लागत नसे. वारा सुटला की ते एका हाताने कागद धरत आणि दुसऱ्याने लिहीत. घरी मेहुणी यायची, नव्या सोफ्याबद्दल सहज काहीतरी बोलून जायची. ती गेल्यावर मास्तर न जेवता पडून राहायचे.

शेवटचं असण्याचा एक फायदा मात्र होता. तांब्याच्या कमाईतला एक हिस्सा अंदाजपत्रकात शेवटच्या पाच जिल्ह्यांसाठी राखून ठेवायचा, असा सरकारचा नियम होता. त्या पैशावर मास्तरांच्या गावातलं दहा खाटांचं प्रसूतिगृह चालायचं. मास्तरांची बायको तिथली मोठी नर्स. अर्ध्या गावाची मुलं तिच्या हातांत जन्मली होती आणि रस्त्याने जाताना ती प्रत्येकाचं जन्माचं वजन सांगू शकायची. ती म्हणायची, शेवटून का होईना, आपला नंबर लागतो ना, मग झालं.

मास्तरांचं तेवढ्याने होत नव्हतं. एका दुपारी नियमावली चाळताना त्यांना एक कलम दिसलं: खनिजाचं पहिलं सरकारी वजन ज्या जिल्ह्यात होईल, उत्पादन त्या जिल्ह्याचं धरावं. ते कलम कोणी वापरत नव्हतं. सगळं तांबं खाणीच्या जिल्ह्यातच धरायचा रिवाज पडला होता. पण साडूच्या जिल्ह्यातल्या पूर्वेकडच्या छोट्या खाणीचे ट्रक रेल्वेच्या वाटेवर पहिल्यांदा तोलले जात ते हद्दीअलीकडच्या वजनकाट्यावर, म्हणजे मास्तरांच्या जिल्ह्यात.

मास्तर हिशेबाला बसले. ते मत्सरी होते, मूर्ख नव्हते. फार वर गेलो तर प्रसूतिगृहाचे पैसे जातील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गेल्या वर्षीच्या भावाने त्या खाणीचं तांबं धरलं तर जिल्हा चौदाव्यावरून बरोबर दहावा येत होता. म्हणजे शेवटच्या पाचांत राहायचं आणि शेवटचं मात्र नसायचं. दोनदा, तीनदा ताळा केला. नियमाप्रमाणे साडूची संमती हवी होती. मास्तरांना वाटलं, आता भांडण होणार, आणि त्या भांडणाची त्यांनी जय्यत तयारीही केली. साडूने पत्रावर उभ्याउभ्या सही केली.

“घ्या हो दादा,” तो म्हणाला. “आमच्याकडे ढीगभर आहे.”

त्या ढीगभराने मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. पत्र त्यांनी त्याच दिवशी राजधानीला धाडलं.

आणि त्या वर्षी जगभर तांब्याचा भाव दुपटीहून वर गेला. राजधानीने बेरीज नव्या भावाने केली. अहवाल आला तेव्हा मास्तरांचा जिल्हा चौथा होता. साडूचा पहिला तो पहिलाच राहिला. जिल्हाधिकाऱ्यांनी मास्तरांना बोलावून हस्तांदोलन केलं, शिपायांनी पेढ्यांची मागणी केली. मास्तर जागेवर येऊन बसले. मायबाप सरकारच्या तिजोरीतून त्या तांब्याचा एक पैसाही गावाकडे वळला नव्हता; वाढला होता तो फक्त आकडा.

अंदाजपत्रकात प्रसूतिगृहाच्या नावापुढे रेघ आली. महिनाभरात खाटा ट्रकमध्ये चढल्या. नर्सना जिथे जागा रिकाम्या होत्या तिथे पाठवलं, आणि जागा होत्या त्या खाणीच्या गावातल्या नव्या इस्पितळात. साडूचा लगेच फोन आला. ताईंनी भाड्याची खोली शोधू नये, आमच्याकडे वरची अख्खी खोली मोकळी आहे, असं तो आग्रहाने म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोट काढता येईना, याचाच मास्तरांना राग आला.

निघायच्या दिवशी सकाळी बायको पातळांच्या घड्या घालत होती. शेजारची पोटुशी सून दारात येऊन, आता कुठे जायचं, असं विचारून गेली होती. मास्तर बराच वेळ पिशवीचा बंद ओढत बसले.

“ते आकडे मी फिरवले,” शेवटी ते म्हणाले. “खोटं काही केलं नाही. पण फिरवले मीच.”

“माहीत आहे मला.”

“कुणी सांगितलं?”

“त्यांनीच. सही केली त्याच दिवशी फोन केला होता. म्हणाले, दादा एकदाचे खूश होतील. मलाही तसंच वाटलं, म्हणून बोलले नाही.” तिने पिशवी त्यांच्या हातातून घेतली. “आता तिथेच राहीन. त्यांच्या घरात नवीन काय आलं, ते रोज कळवत जाईन तुम्हाला.”