पहिल्या आंघोळीचं पाणी

आमच्याकडे आंघोळीचा क्रम ठरलेला होता. आधी हे, कारण त्यांना सव्वासातला घर सोडावं लागतं. मग मुलगी, मग मी, आणि सगळ्यांत शेवटी सासूबाई. पहाटे साडेचारला उठणारी बाई आंघोळीला शेवटची. गिझर पंधरा लिटरचा. त्यांची पाळी येईपर्यंत ह्यांनी जाताजाता त्याचं बटण बंद केलेलं असायचं. मी कुरकुर केली की सासूबाई म्हणायच्या, "मना कोमटच बरं. लय कढत पान्यानं चक्कर येते."

हे साफ खोटं होतं. मुरबाडकडे माहेरी गेल्या की त्या चुलीवरच्या हंड्यातलं वाफाळतं पाणी घेतात आणि लालबुंद होऊन बाहेर येतात, कधी चक्कर आलेली नाही. थंडीत त्यांचे गुडघे सुजतात. बदलापुरात डिसेंबरात पहाटे चांगलंच गारठतं. गुडघ्यांना तेल लावायला त्या मला हात लावू देत नाहीत आणि कोमट पाण्याने आंघोळ करून दिवसभर भिंतीला धरून चालतात. मी दोन हिवाळे बघितलं, तिसऱ्या हिवाळ्यात हीट पंप घेतला.

उल्हासनगरच्या एका सिंधी शेठच्या दुकानातून घेतला. साठीच्या पुढचा माणूस, स्वतः स्कूटरवरून येऊन बसवून गेला. त्याने समजावलं ते असं: हे यंत्र पंख्याने बाहेरची हवा आत ओढतं, तिच्यातली ऊब काढून पाण्याला देतं आणि थंडगार हवा दुसऱ्या बाजूने बाहेर सोडतं. एसीचा उलटा भाऊ. वीज फक्त ऊब वाहून न्यायला लागते, म्हणून गिझरपेक्षा निम्म्याहून कमी. सोबत दोनशे लिटरची टाकी. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी होऊन पाणी उरणार.

"चार माणसांना दोनशे लिटर," हे म्हणाले. "आपण लॉज काढतोय का?"

आम्ही हेंद्रेपाड्यात तळमजल्यावर राहतो. मागच्या दाराबाहेर थोडी मोकळी जागा आहे. तिथे धुण्याचा दगड, दोन पिंपं, सासूबाईंचा कढीपत्ता, मोगरा आणि अळू. त्यांच्या शेजारी हीट पंप उभा राहिला.

पुढचं वीजबिल आलं ते गिझरच्या दिवसांपेक्षा जास्त. हे बिल हातात घेऊन मागच्या दारात गेले आणि यंत्राला हात जोडून म्हणाले, "नमस्कार साहेब." मग मला म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत बघू. युनिट उतरले नाहीत तर शेठला सांग, घेऊन जा म्हणावं. गिझर माळ्यावर आहेच."

गिझर त्यांनी विकला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. तो परत भिंतीवर चढला की सासूबाईंच्या वाट्याला परत कोमट पाणी येणार होतं. शेठने दोन महिन्यांच्या आत माल परत घेईन असं कबूल केलं होतं, म्हणजे ह्यांना अडवायला माझ्याकडे काहीच कारण नव्हतं. मी शेठला बोलावलं.

तो आला, यंत्रासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "भाभी, इसको साडी किसने पहनाई?"

मीच. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं, धूळ नको म्हणून मी तीन बाजूंनी ताडपत्री बांधली होती. चांगली घट्ट.

"थंडी हवा बाहेर फेकतोय, ती तिथेच फिरते, मग परत तीच आत घेतो," शेठ म्हणाला. "अपना ही जूठा खा रहा है बिचारा. ऊब आणणार कुठून?"

मी ताडपत्री सोडली. मग त्याने टाकीच्या बाजूचं झाकण उघडलं. टाकीत एक साधी हीटरची कॉइल असते, अगदी गरज पडली तर वापरायची. ती कायमची चालू होती. म्हणजे गिझरच झाला, आणि तोही दोनशे लिटरचा.

"ही कोणी चालू ठेवली?"

हे छताकडे बघायला लागले. "सकाळी पाणी कोमट येत होतं," म्हणाले. "म्हटलं, जरा जोर लावू."

शेठने कॉइल बंद केली, साठावर ठेवलेलं तापमान पन्नासावर आणलं आणि यंत्राच्या लाईनवर एक छोटा मीटर बसवून दिला. "आता रोज बघा. गाडीचं ॲव्हरेज बघतात तसं."

आधी घरच्या मीटरवरून काढलेल्या माझ्या अंदाजाने यंत्र दिवसाला सातेक युनिट खात होतं. आता पाचावर आलं. शेठच्या हिशोबाने तीनच्या आत यायला हवं होतं. आणि वर पाणी खरंच कोमट यायला लागलं. मुलगी ओल्या केसांनी बाहेर येऊन म्हणाली, "आई, यापेक्षा कॉलेजच्या कूलरचं पाणी गरम असतं." चौथ्या दिवशी आकडा एकदम वर गेला तेव्हा मी मागे जाऊन झाकण उघडलं. ह्यांनी कॉइल पुन्हा चालू केली होती. मी ती बंद केली आणि झाकणावर चिकटपट्टी मारून तारीख घातली.

"घरात सीलबिल लावतेस?" हे म्हणाले.

"चोरी झाली की लावते."

अंबरनाथला एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. माल कमी भरला की मी आधी माणसांवर संशय घेत नाही, वेळ शोधते. कोणत्या पाळीत कमी झाला ते कळलं की निम्मं काम झालं. तेच इथे केलं. एक वही त्या मीटरशेजारी खिळ्याला टांगली. रात्री झोपताना, सकाळी साडेसहाला, नऊला आणि संध्याकाळी आल्यावर आकडा लिहायचा. पाच दिवसांत चित्र स्पष्ट झालं. घरातली पहिली आंघोळ पावणेसातला, आणि साडेसहाचा आकडा घ्यायला जावं तर यंत्र घरघरत असायचं, आकड्यावरून तासभर आधीपासून, जणू टाकी रिकामी झालीय. नऊपर्यंत ते थांबायचं नाही. दिवसातली बहुतेक वीज तेवढ्यात जात होती.

गळती असेल म्हणून संध्याकाळी सगळे नळ बंद करून तासभर पाहिलं. सगळं कोरडं ठणठणीत. शेठला फोन केला.

"टाकी गळत नाही ना? फिर कोई नहा रहा है, भाभी," तो म्हणाला. "मशीन झूठ नाही बोलत. पाच वाजता उठून बघा."

दुसऱ्या दिवशी उठले. आमच्याकडे नगरपालिकेचं पाणी पहाटे पाचला येतं आणि तास-दीड तास असतं. मागचं दार उघडं होतं, दिवा लागलेला. धुण्याच्या जागी बादल्यांची रांग, त्यांतून वाफा निघत होत्या. सासूबाई गरम पाण्याच्या नळाखाली हात धरून उभ्या होत्या. पाणी थंड लागायला लागलं तसा त्यांनी नळ बंद केला.

"आई, हे काय चाललंय?"

त्या दचकल्या नाहीत. "शिलं काढते."

"काय शिळं?"

"रातचं पानी. टाकीत रातभर बसलंय ना? पोरं काय शिल्यानं अंग धुनार? नलाला ताजं आलंय, ते जाऊ दे आत."

मी बादल्या मोजल्या. दहा होत्या, पिंपात ओतलेलं वेगळं. साडेसहाला आकडा घेताना त्या मला रोज दिसायच्या, नळाचं भरून ठेवलेलं पाणी वाटायचं. "रोज?"

"रोज. मशीन आनलीस त्या दिसापासून. वाया नाय घालवत हां. चार बादल्या धुन्याला, दोन भांड्यांना. बाकीचं निवलं का झाडांना."

माठातलं कालचं पाणी झाडांना ओतून ताजं भरल्याशिवाय मी स्वतः सकाळचा चहा ठेवत नाही. हे मला त्यांनीच शिकवलं, लग्न होऊन आले त्या आठवड्यात. माठ पाच लिटरचा आणि टाकी दोनशेची, एवढाच फरक.

रांगेच्या टोकाला एका बादलीवर ताट झाकलेलं होतं.

"ही कुणाची?"

"माझी. आंगोलीची."

"तुम्ही आंघोळ साडेनऊला करता."

"मंग? मना शिलं चालतं."

घरात शिळी भाकरी उरली की ती सासूबाईच खातात, आम्ही लपवून ठेवली तरी शोधून खातात. तसंच हे. त्यांच्यासाठी घेतलेल्या यंत्राचं पाणी त्या पहाटे काढून ठेवत होत्या, निवू देत होत्या आणि साडेनऊला कोमट करून अंगावर घेत होत्या. आम्हाला ताजं मिळावं म्हणून टाकीत भरलेलं गार पाणी पावणेसातपर्यंत तापायचं नाही, म्हणून हे कॉइल चालू करायचे. आणि मी मीटर वाचत होते.

चहा केला. दोघी धुण्याच्या दगडावर बसलो. रागावले असते तर त्या "बरं" म्हणाल्या असत्या आणि दुसऱ्या दिवसापासून चारला उठल्या असत्या.

"आई, तुमच्या माहेरच्या विहिरीतलं पाणी रात्रभर बसतंच ना? ते शिळं का होत नाही?"

"विहिरीला झरा असतो."

"टाकीलाही आहे." मी त्यांचा हात धरून खालच्या पाइपावर ठेवला, मग वरच्या. "इथून खालून थंड आत जातं. गरम वरून निघतं. वरून एक बादली काढली की खालून तेवढंच ताजं येतं."

त्यांनी दोन्ही पाइप पुन्हा चाचपले. "म्हंजे शिलं वर आन ताजं खाली."

"हो."

"मंग वरचं पयलं कोनाला जातं?"

"जो पहिली आंघोळ करेल त्याला."

"म्हंजे माझ्या पोराला शिलं." त्यांनी उरलेला चहा बशीत ओतला. "मंग असं करते. मी पयली जाते. शिलं मी काढून टाकते. पन एकच बादली हां, बाकीचं ताजं तुमाला ऱ्हाऊ दे."

"चालेल," मी लगेच म्हटलं. सगळ्यांत वरचं पाणी म्हणजे सगळ्यांत कढत, हे सांगायची मला काही गरज वाटली नाही.

त्याच संध्याकाळी मी यंत्राला दुपारची वेळ लावून दिली. दुपारी हवाच उबदार असते, त्याला कमी मेहनत पडते. एवढी टाकी रात्रभर पाणी गरम धरून ठेवते. आकडा आठवडाभरात अडीचवर आला आणि तिथेच राहिला. महिनाअखेरीला ह्यांनी वही खिळ्यावरून काढली, चष्मा लावून पानं उलटली आणि जागच्या जागी टांगली. रविवारी शिडी लावून माळ्यावरचा गिझर स्वतः खाली उतरवला आणि अंबरनाथला नणंदेकडे देऊन आले.

सासूबाईंची तक्रार आहेच. गार पाण्यात धुण्याला पूर्वीसारखा उजाळा येत नाही, आणि अळू रुसलंय. मी म्हटलं, अळूला मी बघते.

पाचला त्या न्हाणीघरात जातात. दाराखालून वाफ बाहेर येते, साबणाचा वास येतो, आणि बराच वेळ कुणी हाक मारलेली चालत नाही. बाहेर येतात त्या लालबुंद होऊन, भिंतीला न धरता. येता येता आमच्या खोलीच्या दारावर थाप मारतात.

"उठा. शिलं संपवलं मी. आता ताजं हाय."