रिलीव्हर आल्याशिवाय

इथल्या स्टील प्लांटमधून निवृत्त झालेले, कामगार वसाहतीतल्या सेक्टर 10 चे एक काका आमच्या वार्धक्य-संशोधन केंद्रात म्हाताऱ्यांची चाल मोजणारी मशीन सांभाळतात. डॉक्टर, इंजिनिअर आणि आम्ही मानसशास्त्रवाले, सगळ्यांत मिळून ती एकच. काम आटोपून कुणी निघालं की काका दारात आडवे.

"पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडाची नाई, मॅडम. काय बिघडलं ते तोंडानं सांगून जा जी."

मला वैताग यायचा.

मग केंद्राला पैसे द्यायचे की नाही हे ठरवायला समिती आली. मोठ्या साहेबांनी विचारलं, "तीन विभागांची मशीन. बिघडली तर जबाबदार कोण?"

डॉक्टरांनी इंजिनिअरांकडे बोट दाखवलं, इंजिनिअरांनी आमच्याकडे.

"ज्याची शिफ्ट, तो," काका म्हणाले. "सध्या मी."

साहेब खूश झाले. काकांना म्हणाले, "चला, चहा घेऊ." काका जागचे हलेनात.

"रिलीव्हर नाई आला ना, साहेब."

अख्खी समिती ताटकळली. शेवटी मीच रिलीव्हर म्हणून पुढे झाले. मशीनचा पट्टा कुठे घासतो, सकाळच्या आजींचा कोणता गुडघा दुखतो, सगळं त्यांनी मला शांतपणे सांगितलं. मग साहेबांकडे वळले.

"आता जबाबदार या मॅडम."

पैसे पुढे मंजूर झाले. पण त्या दिवशी मशीनपाशी राहिले तितकी ताठ मी पदवी घेतानाही उभी राहिले नव्हते.