बिनतारणी

"तारण काय?"

सातपूरच्या आमच्या पतसंस्थेत कर्जदार खुर्चीत टेकायच्या आत आमचे मॅनेजर हे विचारत. कुणी म्हणे, "माझा शब्द." ते चष्म्यावरून बघत. "शब्द तिजोरीत ठेवता येत नाय, भाऊ. सोनं दाखवा." असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. टेबलावर कडक, आणि डबा उघडला की पहिला घास शेजारच्याला.

डबा बायकोच्या हातचा. ते कॅथलिक, ती निफाडकडची, हिंदू. रविवारी शर्टाला इस्त्री करून ती त्यांना चर्चमध्ये मिस्साला पाठवी आणि आपण देवापुढे दिवा लावी. बाप्तिस्म्याचा विषय निघाला की हसायची. "तुम्ही आधी स्वर्गात जा. मी दाराशी थांबते. कडी तेवढी काढा."

१९९८ च्या पावसाळ्यात तीच आधी गेली. तिच्या भावांनी अग्नी दिला, अस्थी रामकुंडावर गोदावरीत सोडल्या.

ते कामावर परतले, पण 'तारण' हा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. "आमच्यात तारण म्हणजे आत्म्याचा उद्धार," मला म्हणाले. "चर्चबाहेर तारण नाही, असं लहानपणी पाठ केलंय. मग ही काय, बिनतारणी?"

मी आकड्यांचा माणूस. त्यांना घेऊन फादरांकडे गेलो.

"देवाची दया चर्चच्या भिंतींपेक्षा मोठी आहे," फादर म्हणाले. "तिच्यासाठी मिस्सा अर्पण करू."

"करा. पण ती तिथं आहे, असं सांगता का?"

"आशा धरू या."

"आशेवर आम्ही कर्ज देत नाय, फादर," ते म्हणाले, आणि टेबलावर डोकं टेकून रडले.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, त्यांच्यात कबरींवर मेणबत्त्या लावतात. आईवडिलांच्या कबरींवर लावून झाल्या. एक उरली. हिची कबर कुठली? ती घेऊन ते माझ्याबरोबर रामकुंडावर आले. द्रोणात मेणबत्ती उभी करून पाण्यात सोडली. द्रोण कलंडला.

दिवे विकणारी म्हातारी म्हणाली, "बाबा, मेणबत्ती नाय तरत. पणती घे."

ते थिजले. "ऐकलंत, भाऊ? नाय तरत."

"अहो, ती मेणबत्तीचं म्हणतेय."

त्यांना ते पटलं नाही. पण दर वर्षी येत, मेणबत्तीच आणत. पणती घ्या म्हटलं तर म्हणत, "ती हिची. माझ्याकडून माझा उजेड जायला हवा." दर वर्षी कलंडे.

शेवटच्या आजारात मी उशाशी बसलो होतो. "मी मातीत, ही पाण्यात," ते म्हणाले. "भेटायचं कुठं?"

"दाराशी थांबते म्हणाली होती ना?"

त्यांनी पांघरुणातून हात काढून वर उचलून पाहिला. मग म्हणाले, "माझा हात पोचेल का हो कडीपर्यंत?"

२००६ च्या उन्हाळ्यात त्यांना मातीत ठेवलं.

त्या नोव्हेंबरात मी एकटाच रामकुंडावर गेलो. घरून कणकेचा गोळा नेला होता. तो द्रोणात बसवला आणि त्यात मेणबत्ती रोवली. द्रोण डुलला, सावरला आणि पुढे गेला. इतकी साधी गोष्ट आम्हा दोघांना कधी सुचली नाही. दिसेनासा होईपर्यंत उभा राहिलो. सवयीने शेजारी पाहिलं.

दोघांच्या नावाने एका मिस्साचे शंभर रुपये फादरांना दिले. द्रोणाचे दोन रुपये म्हातारीला.