मामा आणि शिकागोची म्युझियमं

आमच्या मामेसासऱ्यांनी आयुष्यात एकही गोष्ट पहिल्या फटक्यात खरी मानलेली नाही. टीव्हीवर ‘आज बर्फ’ म्हणाले, तर ते आधी दार उघडून हात बाहेर काढतात आणि शेजारी फावड्याने बर्फ शोव्हल करतोय याची खात्री झाल्यावरच बूट चढवतात. दुधाच्या पिशवीवर तारीख असली, तरी ती कोणी टाकली हा प्रश्न उरतोच. नोकरीभर त्यांनी कारखान्यात वेल्डिंगचे जोड तपासले. रिटायर होऊन कॅनडातल्या व्हिटबीत बसल्यावर जोड संपले, तपासणी राहिली.

अशा माणसाला घेऊन मी मागच्या उन्हाळ्यात शिकागोची म्युझियमं पाहायला निघालो. बॉर्डरवरच्या अधिकाऱ्याने “पर्पज ऑफ व्हिजिट?” विचारलं, तर मामा माझ्याकडे वळून म्हणाले, “सांगा जावईबापू. मीही व्हिटबीपासून तेच विचारतोय.” आमची डिकी अर्धा तास उघडी होती. शिकागोत एका जुन्या हवेलीतल्या गाइड बाई म्हणाल्या, इथली प्रत्येक खुर्ची मूळची आहे. मामांनी एक खुर्ची उलटी करून पाहायची परवानगी मागितली. दुसऱ्या दिवशी म्युझियममध्ये डायनासोरपुढे लोक आ वासून उभे होते आणि मामा वाकून सांधे पाहत होते. ममीजवळच्या गार्डला त्यांनी विचारलं, “हाऊ डू यू नो ही इज इन देअर?” तो बिचारा मग आमच्या मागेमागेच फिरू लागला. याला काहीतरी लपवायचंय, असं मामांचं मत पडलं.

लपवत मी होतो. मामांची एकुलती एक मुलगी शिकागोत राहते. सहा वर्षांपूर्वी तिने लग्न ठरवलं, तेव्हा मामांनी मुलाची चौकशी केली. आपल्याकडे करतातच, पण मामांनी त्याची डिग्री खरी का, हे थेट कॉलेजला पत्र लिहून विचारलं आणि तो कामावर खरंच येतो का, हे त्याच्या साहेबाला. सगळं खरं निघालं. मुलगी मात्र तेव्हापासून बापाशी बोलत नाही. तिला मी मामांच्या नकळत दोन वाजता म्युझियमच्या पायऱ्यांवर बोलावलं होतं.

दीड वाजता मामा वॉशरूममधून इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. हातात चकल्यांचा डबा. “हाडं दाखवायला नऊ तास ड्राइव्ह करून कोण आणतं हो?” एवढंच म्हणाले.

आम्ही पायऱ्यांवर बसलो. दोन वाजले, तीन वाजले. साडेतीनला मला मेसेज आला: ‘सॉरी भावजी, अर्जंट मीटिंग आली. कान्ट मेक इट.’ त्या दिवशी शनिवार होता. माझा एका अक्षरावर विश्वास बसला नाही आणि तिचा रागही आला. फोन मामांपुढे धरला. त्यांनी चष्मा पुसून मेसेज दोनदा वाचला.

“शनिवारीही काम असतं हो तिला,” ते म्हणाले. “लहानपणापासून कष्टाळू आहे.” मग डबा माझ्या हातात दिला. “तिच्या दारात ठेवून या. बेल वाजवू नका, मीटिंगमध्ये असेल.”

आम्ही गाडी तिच्या घरासमोर नेली. मी डबा ठेवून परत आलो, तेव्हा मामा गाडीत समोर बघत बसले होते. घरात कोणी दिसलं का, एवढंसुद्धा त्यांनी मला विचारलं नाही.