हिराबाईंचं ‘अहो’

भिसेगावात पिठाच्या गिरणीला लागून हर्षला ठोंबरेचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गिरणी सुरू झाली की मधली भिंत थरथरते, आणि दार कितीही लोटून घेतलं तरी दुपारपर्यंत टेबलावर पिठाचा पातळ थर बसतोच. हर्षला मऊ ब्रशनं तो झटकते आणि पुन्हा उघड्या मशीनवर वाकते. वय चाळिशीला टेकलेलं, जाड चष्मा, बोलणं मोजकं. मूळची कडावची. बारावीनंतर तिनं खोपोलीत हार्डवेअरचा कोर्स केला आणि खालापूरकडच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये नऊ वर्षं काढली. तिथे भंगारात काढलेले बावीस कॉम्प्युटर तिनं महिनाभर खपून पुन्हा उभे केले होते. तेव्हापासून ‘हे होणार नाही’ असं ती कुणाला सांगत नसे. गावात तिचं नाव झालं ते यामुळेच, आणि तिला त्याचा थोडा गर्वही होता.

गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी जयवंता दुकानात आला. भिवपुरीच्या वीजघरात तीस वर्षं काम करून निवृत्त झालेला, जवळच्याच गावात घर बांधून राहिलेला माणूस. बगलेत टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप होता.

“ताई, माझी बायको याच्यातून बोलते,” तो म्हणाला. “चार दिस झाले, बोलनं बंद हाय.”

हर्षलाला आधी कळलंच नाही. मग त्यानं सावकाश सांगितलं. त्याच्या बायकोला, हिराबाईंना, नसांचा आजार होता. तीन वर्षांपूर्वी जीभ जड झाली, मग हात गेले, आता उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलत होतं. पुण्याला असणाऱ्या मुलीनं, ऋतिकानं, या लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर बसवून दिलं होतं. पडद्यावर वाक्यांची यादी यायची, एक निळी पट्टी त्यांच्यावरून खाली सरकत जायची. हवं त्या वाक्यावर पट्टी आली की हिराबाई बोटाखालचं बटण दाबायच्या आणि लॅपटॉप ते वाक्य बोलायचा. चार दिवसांपूर्वी त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आपोआप उतरली आणि जुन्या विंडोजवर ती उघडेचना.

“दुसरा लॅपटॉप?” हर्षलानं विचारलं.

“पोरीनं आनला हुता. बटन त्याच्यात बसत नाय. वायर मधी लावून बगितली, तर बटन दाबल्यावर लई येळानं बोलतो. तवर पट्टी खाली गेलेली.”

तिनं लॅपटॉप उलटा करून पाहिला. पंधरा-सोळा वर्षांचा जुना, मागे ते बटण जोडायची रुंद, पिनांची खाच असलेला; तशी खाच नव्या लॅपटॉपना नसते. नव्या विंडोजनं ज्यांना आपल्या यादीतून कधीच काढून टाकलं होतं, त्यातला. पण मशीन नव्या विंडोजच्या अटींत बसतं का ते तपासणारा भाग वगळून पेनड्राइव्ह बनवायची युक्ती तिला ठाऊक होती. तशा दहा-बारा लॅपटॉपवर तिनं नवी विंडोज चढवलेली होती.

“दोन दिवसांत देते काका,” ती म्हणाली.

डेस्कटॉपवरच्या आणि डॉक्युमेंट्सच्या फोल्डरमधल्या फाइली तिनं बाजूला काढून ठेवल्या. माणसं सामान तिथेच ठेवतात, हा तिचा अनुभव. मग पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू केला. लोगो आला, खाली ठिपके फिरायला लागतील म्हणून ती पाहत राहिली, तर पडदा काळा झाला आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. पुन्हा लोगो, पुन्हा काळोख. तिनं दुसरा पेनड्राइव्ह घेतला. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढली, मग ती लावून दुसरी काढली. सुरुवातीच्या सेटिंगमध्ये जाऊन एकेक गोष्ट बदलून पाहिली. लोगोच्या पुढे ते मशीन पाऊल टाकेना.

मग तिनं आडवाट धरली. लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडली, पूर्ण कोरी केली आणि तिथूनच विंडोज बसवली. दुकानातल्या कॉम्प्युटरवर डिस्क छान सुरू झाली. परत लॅपटॉपमध्ये घातली, तर लोगो आणि काळोख. काहीतरी कमी राहिलं म्हणून तिनं डिस्क पुन्हा कोरी केली, पुन्हा बसवली. दोन दिवसांत हे चार वेळा झालं. चौथ्या वेळी जेवणाचा डबा तसाच राहिला आणि ती लॅपटॉपशी भांडल्यासारखी बोलू लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी जयवंताचा फोन आला. “ताई, झालं का? आन एक सांगायचं राहिलं. हिरूचा आवाज हाय ना नीट?”

“कसला आवाज, काका?”

“तिचा सोताचा. जीभ जायच्या आदी ऋतिकानं तिच्याकडनं सगळी वाक्यं बोलून घेतली हुती. दोनशे अकरा. लॅपटॉप बोलतो ते तिच्याच आवाजात.”

हर्षलानं फोन कानाशी धरूनच बाजूला काढलेल्या फाइली उघडल्या. ती रेकॉर्डिंगं डेस्कटॉपवर नव्हती, डॉक्युमेंट्समध्ये नव्हती. सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फोल्डरात असणार, आणि तिथे तिनं पाहिलंच नव्हतं. “बघते,” एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला. ऋतिकाचा नंबर तिला जयवंतानं दिलेला होता. तिनं मेसेज करून दुसरी प्रत आहे का विचारलं. तासाभरानं उत्तर आलं: ‘नाही. माझा जुना फोन गेला. त्या लॅपटॉपमध्येच आहे सगळं. का?’ हर्षलाला त्या ‘का’चं उत्तर देता आलं नाही.

डिस्क कोरी केली तरी आतलं लगेच जात नाही, त्यावर नवं लिहिलं गेलं की जातं, हे ती गिऱ्हाइकांना नेहमी सांगायची. आणि तिनं स्वतः एकदा नाही, चार वेळा नवं लिहिलं होतं. पहिल्याच काळोखाशी थांबली असती तर सगळं शाबूत असतं. गिरणी चालू होती, भिंत थरथरत होती. कशाचा धक्का लागू नये म्हणून तिनं डिस्क मांडीवर घेतली होती.

मग तिनं दुकानाला आतून कडी लावली. पुसलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम लावला आणि डिस्क नुसती वाचून घेतली, तिच्यावर काही लिहू दिलं नाही. पूर्ण दिवस आणि दुसऱ्या दिवशीची दुपार त्यात गेली. एकशे सतरा आवाज परत आले. त्यातले चोवीस मध्येच तुटलेले होते. वाक्यांची लिहिलेली यादी तेवढी शाबूत सापडली, पण आवाजांपैकी एकाचंही नाव उरलेलं नव्हतं, नुसते आकडे. कुठलं वाक्य कुठलं, हे कळायला प्रत्येक ऐकणं भाग होतं.

तिनं हेडफोन लावले. कधी न पाहिलेली बाई तिच्या कानात बोलू लागली. आवाज किंचित घोगरा, शेवटचा शब्द ओढणारा. “पंखा कमी करा.” “पाठ दुखते.” “भात जरा मऊ करा.” “दार लोटून घ्या, मांजर येते.” एका वाक्यात ती मध्येच हसली होती आणि मागून एक तरुण आवाज म्हणत होता, “आई, हसू नको गं, परत बोल.” हर्षलानं ते वाक्य तीनदा ऐकलं. मग वहीत आकडा आणि त्यापुढे वाक्य लिहिलं, आणि पुढचं लावलं. ऋतिकाचं नाव असलेलं वाक्य त्या आवाजात एकही सापडलं नाही.

आता लॅपटॉप सुरू करणं उरलं होतं. ती जुनी डिस्क तिनं कापडात गुंडाळून कपाटात ठेवली आणि लॅपटॉपसाठी दुसरी घेतली. या वेळी घाई न करता विचार केला. तीच डिस्क दुकानातल्या कॉम्प्युटरवर चालते, लॅपटॉपवर चालत नाही. म्हणजे डिस्कचा दोष नाही, रॅमचा नाही, सेटिंगचाही नाही. फरक उरतो तो प्रोसेसरचा. शोधल्यावर सापडलं तेही साधंच होतं: विंडोजची सगळ्यात अलीकडची आवृत्ती प्रोसेसरला जी एक आज्ञा देते, ती इतक्या जुन्या प्रोसेसरला येतच नाही. कुठलीही युक्ती केली तरी तो तिथेच कोसळणार. त्याच्या आधीची आवृत्ती ती आज्ञा देत नव्हती, आणि हिराबाईंच्या सॉफ्टवेअरला ती आवृत्ती चालत होती. तिनं ती घेतली. लोगो आला, ठिपके फिरू लागले आणि फिरतच राहिले. अर्ध्या तासात लॅपटॉप उभा राहिला. एरवी अशा वेळी ती उठून स्वतःसाठी चहा टाकायची. त्या दिवशी ती जागची हलली नाही.

रिक्षातून भिवपुरीकडे जाताना तिच्या मनात एक वाक्य तयार होतं: डिस्क जुनी होती काका, गेली. जयवंतानं त्यावर विश्वास ठेवला असता. डिस्क खरोखर जुनी होती.

हिराबाई खिडकीशी खाटेवर उशांना टेकून बसलेल्या होत्या. चेहरा कानातल्या आवाजापेक्षा म्हातारा दिसत होता. डोळे मात्र लख्ख. हर्षलानं लॅपटॉप पुढ्यात ठेवला, बटण जोडलं, आणि जयवंतानं विचारायच्या आतच सांगून टाकलं. “काका, काकी, माझ्याकडनं चूक झाली. मी न विचारता डिस्क पुसली. दोनशे अकरातली त्र्याण्णव वाक्यं नीट आहेत, थोडी अर्धवट आहेत. बाकीची गेली. तिथे आता मशीनचा आवाज येईल.”

“पुसलंस तू?” जयवंता म्हणाला. आतापर्यंत तो तिला अहो-जाहो करत होता. “माज्या हिरूचा आवाज पुसलास?”

“हो काका.”

निळी पट्टी सरकू लागली. सगळे पडद्याकडे पाहत होते. पट्टी पहिल्यांदा तळापर्यंत जाऊन आली, बोट हललं नाही. दुसऱ्या फेरीत मध्यावर बटण वाजलं आणि हिराबाईंचा घोगरा आवाज खोलीत उमटला, “पुरे आता.”

ते जेवताना म्हणायचं वाक्य होतं. हिराबाईंना हर्षलाचं बोलणं पुरे वाटलं होतं, की नवऱ्याचा राग, की हर्षलाच, हे तिला कळलं नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले. जयवंता दारापर्यंत पोचवायला आला नाही.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज बसलेला. “बाकीचं कसं बी चालंल. पन ती मला ‘अहो’ म्हनायची ना, ते गेलंय. आता ते मशीन मला ‘अहो’ म्हनतं. मी वळून बी बगत नाय. तिला वाटतं मी मुद्दाम करतो. काय करू गं पोरी?”

हर्षलानं हातातलं काम बाजूला सारलं आणि वही उघडली. त्र्याण्णवांमध्ये सुटं ‘अहो’ नव्हतं. पण एका वाक्यात होतं: “अहो, गोळी घेतली का तुम्ही?” दुसऱ्या एका तुटलेल्या वाक्याची सुरुवातही ‘अहो’नंच होत होती, पण मागे कुकरची शिट्टी होती. तिनं पहिलं घेतलं. ‘अहो’च्या शेवटाला ‘गोळी’चा ‘ग’ चिकटलेला होता; तो कापला की हाक तुटक वाटायची, ठेवला की भलतीच ऐकू यायची. केसाएवढं इकडे, केसाएवढं तिकडे करत तिनं दुपार घालवली. शेवटी एक हाक जमली. पूर्वीची कशी होती हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून जमली की नाही हेही तिला नक्की सांगता येईना.

ती स्वतःच घेऊन गेली. जयवंता मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होता. हर्षलानं फाइल बसवली, हिराबाईंकडे पाहिलं. पट्टी ‘अहो’वर आली, बोटानं बटण दाबलं.

“अहो.”

अंगणात बादली खडखडली. जयवंता ओल्या हातांनी दारात आला आणि म्हणाला, “काय गं हिरू?” मग त्याला हर्षला दिसली आणि तो चौकट धरून तसाच उभा राहिला. हिराबाईंनी पुन्हा बटण दाबलं. आणि पुन्हा. तो प्रत्येक वेळी ‘हां’ म्हणत होता.

शनिवारी ऋतिका पुण्याहून येणार होती. तिला मीच सांगते, असं हर्षलानं जयवंताला बजावलं होतं, त्याप्रमाणे ती गेली. ऋतिकानं सगळं उभ्यानंच ऐकून घेतलं. “मी विचारलं होतं ‘का’ म्हणून,” ती म्हणाली. “तुम्ही उत्तरसुद्धा दिलं नाहीत.”

“धीर झाला नाही.”

“माझ्या नावाचं होतं त्यात. चार-पाच वेळा होतं. त्यातलं काहीच नाही?”

हर्षलानं नकारार्थी मान हलवली. ऋतिका आत जाऊन आईच्या खाटेवर बसली. हर्षला ओटीवर येऊन चपला घालू लागली. आत बटण वाजलं. मशीनचा सपाट, परका आवाज चुकीच्या अक्षरावर जोर देत म्हणाला, “ऋ-ति-का.”

मग ऋतिका म्हणाली, “काय गं आई?”

हर्षलानं चपलेचा पट्टा लावला आणि रिक्षासाठी रस्त्याकडे चालू लागली.