चौदाव्या मजल्याची माती

आमच्यात रान घेतलं की आधी त्यातली ओंजळभर माती घरी येते. खरेदीखत, सात-बारा, पेढे, ते सगळं मागनं. माती देव्हाऱ्यापुढं ठेवायची, हळदकुंकू वाहायचं आणि तुळशीच्या बुडात टाकायची. आणि घरातलं कुणी लांब निघालं, की आपल्या रानातली चिमूटभर माती फडक्यात बांधून त्याच्या सामानात ठेवायची. आमचे हे फौजेत गेले तेव्हा सासूबाईंनी दिलेली पुरचुंडी ते सुभेदार होऊन पेन्शनीत येईपर्यंत त्यांच्या ट्रंकेत होती. फडकं मळलं म्हणून मी ते दोनदा धुवायला काढलं आणि दोनदा बोलणी खाल्ली.

मुलगा दुबईला नोकरीला लागला. तिकडंच संसार मांडला, आणि सूनबाईच्या बाळंतपणाला मी गेले. नात झाली. रोज सकाळी पाय लांब करून बसायचं, पोरीला पायावर पालथी घालायची, तेल चोळायचं, कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं आणि धुरी द्यायची. त्या बंद घरात धुरी दिली की छतावरचं ते धुराचं यंत्र बोंबलायचं, आणि पोरगी ते ऐकून हसायची. खरं सांगते, माझ्या आयुष्यात तेवढं सुख मला कशानं झालं नाही. मग परवान्याची मुदत भरली. व्हिसा संपला म्हणून आजी संपली! विमानतळावर मी अशी रडले, की तपासणीच्या बाईनं मला खुर्ची आणून दिली.

परत आल्यावर मी मलकापूरच्या घरात नुसती बसून असायची. ह्यांना ते बघवेना. एके दिवशी म्हणाले, "आवर. सांगलीला जायचंय."

सांगलीत एका हॉटेलात परदेशातल्या घरांचा मेळावा होता. जेवण फुकट. काचेच्या पेटीत दुबईतल्या एका इमारतीचं खेळणं मांडलेलं, बोटाएवढी खजुराची झाडं, नखाएवढ्या मोटारी. टाय लावलेला एक तरणा एजंट होता, बोलण्यावरनं आपल्याच भागातला. तो म्हणाला, "काकू, फ्लॅट घेतला की तिथं राहायचा परवानाच मिळतो. नातीला शाळेत तुम्हीच सोडायचं." तो आणखी लय काही बोलला, पण मला पुढचं ऐकूच आलं नाही. मी तिथंच मनातल्या मनात तिचा डबा भरायला लागले.

ह्यांनी मात्र रान घ्यायला गेल्यागत चौकशी मांडली. "चतुःसीमा काय?"

एजंट गडबडला. "म्हणजे काका?"

"आवो, चारी बाजूला कोण कोण हाय?"

"समोर रस्ता आहे, आणि मागं बाल्कनीतनं समुद्र."

"पश्चिमेला समुद्र," हे माझ्याकडं बघून म्हणाले. भाऊबंदांत नाही, बांधाला बांध नाही, कुणी बांध कोरायचं भ्या नाही. आयुष्यभर बांधावरनं भांडलेल्या माणसाला यापरीस काय पाहिजे? मग म्हणाले, "समदं पटलं. पण आदी माती बघणार."

"काका, चौदावा मजला आहे!"

"असूं दे की. खाली जमीनच आसंल न्हवं?"

आजूबाजूची माणसं हसली. मला लाज वाटली आणि अभिमानही वाटला. मुलाला फोन केला, तर तो म्हणाला, "पप्पा, घाई करू नका. इकडं कंपन्या बुडतात पण." एका सुट्टीच्या दिवशी तो जागा बघून आला. कुंपण होतं, पाटी होती, ऑफिसात त्याला कॉफी दिली. तो तरी आणखी काय बघणार?

आणि महिन्याभरात एजंट खरंच माती घेऊन दारात हजर झाला. प्लास्टिकच्या पिशवीत मूठभर पिवळट रेती. ह्यांनी ती तळहातावर घेतली, चोळली, वास घेतला, जिभेवर कण ठेवला. आमच्याकडं नदीकाठानं पाणी पाजून पाजून रानं चोपण झालीत. पांढरी फेसाळ माती, मीठ वर आलेली. तिथं उसाचं टिपरूसुद्धा उगवत नाही. अशा रानाकडं आमचे हे फुकट दिलं तरी वळून बघायचे नाहीत.

"खारी हाय," ते म्हणाले.

मी म्हणलं, "मग आवं?"

"तितं काय आपल्याला ऊस लावायचाय व्हय?" आणि हसले. माती आली म्हणजे जमीन आहे, जमीन आहे म्हणजे माणूस खरा. एवढ्यावर आमचं ठरलं. वकील म्हणून कुणाला विचारलं नाही. गावातला गुंठा घेताना तीस वर्षांचे उतारे काढून बघणारा माणूस!

तुळस जळेल म्हणून मी ती रेती तुळशीत टाकली नाही. कुंकवाच्या जुन्या डबीत भरून देव्हाऱ्यात ठेवली.

हायवेकडंचं रान विकलं. वाटणीत आलेला तेवढाच तुकडा होता. बिल्डर बरेच दिवस मागं लागला होता, त्याला दिलं. हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये, हे मला काय ठाऊक नव्हतं होय? पण त्या पळत्याच्या तोंडात नुकते दोन दात आले होते आणि ते फोनवर मला "आ, आ" करत होतं.

मग घरात बाजारात तुरी सुरू झाल्या. देव्हारा कुठल्या भिंतीला, ह्यांची ट्रंक कुठं, कुरडया बाल्कनीत वाळवायच्या का नाही. सूनबाई म्हणाली, तिकडं बाल्कनीत काही वाळत घालू देत नाहीत. त्यावरनं मी दोन दिवस रुसले. नसलेल्या बाल्कनीवरनं!

बांधकामाचे फोटो यायचे आणि प्रत्येक फोटोमागं हप्ता जायचा. फोटो आला की हे चष्मा लावून बघायचे आणि शेजारपाजाऱ्यांना दाखवायचे. एकदा मी भाजी निवडता निवडता फोन हातात घेतला. म्हणलं, "आवं, ही पांढरी गाडी मागच्या खेपंलाबी हितंच हुती."

"आसंल कुना साहेबाची."

"आणि त्याच्या मागच्या खेपंलाबी? आणि तिच्यावर ह्यो बसलेला कावळासुदा त्योच?"

ह्यांनी फोन माझ्या हातातनं घेतला आणि जुने फोटो काढून एकेक बघत बसले. कितीतरी वेळ. चहा निवला तरी हललं नाही माणूस.

मुलगा परत जाऊन आला. कुंपण होतं. आत खड्डा, खड्ड्यात पाणी. कॉफी देणाऱ्या ऑफिसला कुलूप. आम्ही सांगलीला धावलो. एजंटचं ऑफिस होतं त्या गाळ्यात मोबाईलची कव्हरं टांगलेली. दुकानदार म्हणाला, "तुमच्याआधी बरीच जणं येऊन गेली." पोलिसात गेलो, वकील गाठला. ज्याला त्याला कागद दाखवले. सगळ्यांचं एकच, तिकडं जाऊन भांडावं लागेल. कशाच्या जोरावर भांडायचं? हे घरी आले आणि पांघरूण घेऊन झोपले. फौजेत बर्फात राहिलेला माणूस ऐन उन्हाळ्यात पांघरूण घेऊन झोपला. मला राग आला होता, ओरडावं असं वाटत होतं, पण ओरडू कुणावर? माझ्यासाठीच केलं होतं त्यांनी ते.

इकडं आमच्या रानात मात्र इमारत चढत गेली. तिथं फोटोबिटो लागत नव्हते, गच्चीत उभं राहिलं की दिसायची. रंग लागला, लायटी लागल्या, बाल्कन्यांत कपडे वाळायला लागले. हे गच्चीत जायचेच बंद झाले.

परवा मुलगा आला, आठ दिवसांसाठी, सगळ्यांना घेऊन. नात आता शाळेत जाते. मला बघून आईच्या मागं लपली. मांडीवर घ्यायला गेले तर अंग चोरलं. तिचा काय दोष? तिच्या लेखी मी फोनमधली बाई. तिसऱ्या दिवशी मुलगा जेवताना म्हणाला, "आई, कॅनडाचं काम झालं. दोन वर्षांपूर्वीच होत होतं. तुम्ही दुबईला येणार म्हणून थांबलो होतो. आता थांबून काय करू?"

चुकीचं काय बोलला? मी त्याला आणखी आमटी वाढली. हे जेवता जेवता उठले आणि हात धुऊन आले.

निघायच्या दिवशी सकाळी दारात गाडी उभी होती, पेट्या चढत होत्या. मला पुरचुंडीची आठवण झाली. पोरगी एवढ्या लांब निघाली, आणि तशीच कशी पाठवू? वाटी घेतली आणि सवयीनं हायवेकडं चालत सुटले. फाटकावर वॉचमननं अडवलं.

"मावशी, कुणाकडं जायचंय?"

मी म्हणलं, "कुणाकडं न्हाई. जराशी माती पायजे."

तो चांगला माणूस होता, आत सोडलं. सगळीकडं सिमेंटचे ठोकळे बसवलेले. आमची विहीर कुठल्या मोटारीखाली गेली तेही मला ओळखता आलं नाही. कुंड्यांत लाल माती होती, बाहेरनं ट्रकनं आणलेली. ती काय आमची नव्हती. रिकामी वाटी घेऊन परत आले.

गाडीचा हॉर्न वाजला. मी देव्हाऱ्यातली डबी काढली. घरात आमच्या हक्काची म्हणावी अशी माती तेवढीच होती. रुमालाच्या कोपऱ्यात चिमूट घेतली आणि गाठ मारायला लागले. गाठ बसेना. हे दारात येऊन उभे राहिले. त्यांनी डबीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग जवळ आले आणि रुमाल माझ्या हातातनं हळूच काढून घेतला.

"ही नगं बांदू," म्हणाले. "खारी हाय."